शाळेत पोषण आहाराचा प्रभार आलाय? मग हे आधी वाचा

जूनमध्ये शाळा उघडते, कामांचं वाटप होतं आणि नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाच्या हाती पोषण आहाराच्या वह्या येतात. कोठीची किल्ली, अर्धवट भरलेली पोती आणि "आधीच्या सरांनी सगळं व्यवस्थित ठेवलंय" एवढं आश्वासन. शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या पालकांची आणि पहिल्यांदाच स्वयंपाकाचं काम घेणाऱ्या बचत गटांची अवस्थाही वेगळी नसते.

मी पुणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत हा प्रभार सांभाळला आहे, आधी मुळशीच्या पावसात आणि नंतर दौंडच्या ऊसपट्ट्यात. त्या अनुभवातून सांगतो, बहुतेक अडचणी दोन सवयींनी टळतात. माल हातात आला की मोजायचा आणि मोजला की तिथेच उभं राहून लिहायचा. या सवयी नसतील तर वर्षअखेरीला हिशेब जुळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलांच्या ताटातली डाळ आणि भाजी कमी होत जाते.

१. मुलाचा हक्क किती, ते पाठ करा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना देशात सुरू झाली, तेव्हा मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि शिजवलेलं जेवण बंधनकारक झालं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, कागदावर पीएम पोषण. गावात मात्र अजूनही "खिचडी"च म्हणतात.

एका मुलासाठी रोजचं प्रमाण असं:

- पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत.
- सहावी ते आठवी: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

हे प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावा. स्वयंपाकाच्या मावशींना, पालकांना, भेटीला येणाऱ्या कुणालाही ते दिसलं पाहिजे. वजनं कच्च्या मालाची आहेत हेही त्यावर लिहा. शिजलेल्या भाताचं वजन अडीच-तीन पट होतं आणि तिथेच पुष्कळांचा घोळ होतो.

२. ताबा घेताना पोतं उघडून बघा

प्रभार घेताना वहीतल्या शिल्लक आकड्याखाली नुसती सही करू नका. आधीचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि समितीचा एक सदस्य समोर असताना प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवा. वही आणि काटा यांत फरक आला, तर तो ताबा पावतीवर लिहून तिघांच्या सह्या घ्या. संबंध बिघडतील म्हणून लोक हे टाळतात. पण आज न लिहिलेला फरक उद्या तुमच्या नावावर चढतो, आणि तेव्हा आधीचे शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेलेले असतात.

यासोबत ताब्यात घ्यायच्या गोष्टी: साठा नोंदवही, चव नोंदवही, मानधन नोंदवही, इंधन-भाजीपाला खर्चाच्या पावत्या आणि रोकड वही, धान्य पोहोच पावत्यांची फाइल, भांड्यांची जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंद, गॅस जोडणीचे कागद, शाळेचं बँक पासबुक, समितीच्या ठरावांची वही आणि ऑनलाइन नोंदीचा लॉगिन. लॉगिनला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते पहिल्याच दिवशी बघा. ओटीपी बदलून गेलेल्या शिक्षकाच्या फोनवर जातो आणि आठवडाभर नोंद अडून राहते, हे फार शाळांत घडतं.

साधनांपैकी दोन काटे लागतातच. पोती तोलायला मोठा आणि डाळ-तेल-मसाल्यासाठी छोटा. छोटा नसेल तर समितीत विषय मांडून लगेच घ्या, कारण मसाल्याचा अंदाज कधीच बरोबर येत नाही.

३. स्वयंपाकी ताईंशी आधी नीट बोला

निकष असा: २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० मुलांना दोन, पुढे प्रत्येक १०० पर्यंतच्या वाढीला आणखी एक. २०२३ मध्ये राज्याने मानधन वाढवून महिन्याला २,५०० रुपये केलं. सकाळी नऊला येऊन दुपारी तीनपर्यंत राबणाऱ्या बाईच्या कामापुढे ही रक्कम तुटपुंजी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती वाढवणं आपल्या हाती नाही. पण हजेरीचा अहवाल वेळेवर पाठवणं, खात्याची माहिती बरोबर भरणं आणि मानधन रखडलं तर तालुक्याला लेखी कळवणं, एवढं तरी आपण करू शकतो. "मावशी, तुमचं मानधन का थांबलंय ते मी विचारलंय, हे बघा पत्र" असं सांगितलं की त्यांना आपण आपली माणसं वाटतो.

सुरुवातीलाच ठरवायचं ते असं: किती वाजता यायचं, एक जण आजारी पडली तर बदली कोण, वैद्यकीय तपासणी कोणत्या आरोग्य केंद्रात, केसांना टोपी आणि अंगाला ॲप्रन. जुलाब, ताप किंवा हाताला पिकलेली जखम असेल त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. पैसे कापले जातील या भीतीने त्या दुखणं लपवतात. तसं होणार नाही हे तुम्ही तोंडाने सांगायला हवं.

पाककृती ठरवताना त्यांचं ऐका. कोणत्या भाजीला पोरं नाक मुरडतात आणि कोणत्या दिवशी भात उरतो, हे वर्गात बसून आपल्याला कळत नाही.

४. माल उतरवून घेताना घाई करू नका

तांदूळ आणि धान्यादी माल (डाळ, तेल, मसाले) पुरवठादाराच्या गाडीतून येतो. गाडीवाल्याला संध्याकाळपर्यंत आणखी शाळा गाठायच्या असतात. "गुरुजी, सही करा, पोती बघितलेलीच आहेत" हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. तरी प्रत्येक पोतं तोला. ५० किलोच्या पोत्यात बारदानाचं वजन वेगळं धरायचं, ते अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. कमी भरलं तर पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहूनच सही करा. डाळीच्या आणि मसाल्याच्या पाकिटांवर उत्पादन आणि मुदतीची तारीख बघा. फुटलेलं पाकीट, ओलं पोतं, पोरकिडा लागलेली डाळ परत पाठवायचा तुम्हाला अधिकार आहे. परत पाठवताना फोटो काढून केंद्रप्रमुखांना आणि तालुक्याच्या पोषण आहार अधीक्षकांना त्याच दिवशी कळवा.

तांदळात कधी काही दाणे वेगळे दिसतील, थोडे पिवळट किंवा जास्त पांढरे, पाण्यात टाकले की वर तरंगणारे. पालक ते हातात घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, यात प्लॅस्टिकचा तांदूळ आहे." ते दाणे गुणसंवर्धित तांदळाचे असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते बनवतात आणि साध्या १०० दाण्यांमागे १ या प्रमाणात मिसळतात. ही अफवा एकदा गावात फिरली की मुलं जेवायची थांबतात, म्हणून जूनमधल्या पहिल्याच पालक सभेत मूठभर तांदूळ समोर ठेवून हे समजावून सांगा. मावशींनाही सांगा, नाहीतर त्या कचरा समजून निवडताना नेमके तेच दाणे काढून टाकतात.

साठवणीबद्दल मावळ, मुळशी, भोर, राजगड या पावसाच्या तालुक्यांतल्या शाळांनी जास्त काळजी घ्यायची. पोती जमिनीवर नकोत, भिंतीला टेकलेलीही नकोत. लाकडी फळ्या किंवा पॅलेट हवी. आधी आलेलं पोतं आधी वापरायचं, त्यासाठी पोत्यावर खडूने तारीख लिहा. फिनेल, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, बागेची औषधं कोठीत ठेवायचीच नाहीत, कुलूपबंद डब्यातसुद्धा नाहीत. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. कुठल्याही रिकाम्या डब्यात तेल ओतून ठेवायचं नाही, हा नियम त्यासाठीच.

५. रोज सकाळचं गणित

पटावर किती मुलं आहेत ते बघून शिजवू नका, आज हजर किती ते बघून शिजवा. पहिल्या तासाला प्रत्येक वर्गाची हजेरी एका चिठ्ठीवर मावशींकडे गेली पाहिजे.

समजा पहिली ते पाचवीची ६० आणि सहावी ते आठवीची ४० मुलं हजर आहेत. लहानांना ६ किलो तांदूळ आणि मोठ्यांनाही ६ किलो, म्हणजे एकूण १२ किलो. डाळ २ किलो ४०० ग्रॅम, भाजी ६ किलो, तेल ६०० ग्रॅम. हे सगळं शिक्षकासमोर तोलून द्यायचं आणि साठा वहीत त्याच वेळी उतरवायचं.

पैशांचं गणित नव्या माणसाला फसवतं. १ मे २०२५ पासून साहित्याचा दर लहान मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे आहे. आपल्या १०० मुलांच्या शाळेचे ८१३ रुपये ६० पैसे झाले. पण एवढी रक्कम शाळेच्या खात्यात येत नाही. डाळ, तेल, मसाले हे धान्यादी मालाच्या रूपाने याच दरातून येतात. शाळेच्या हाती उरतो तो इंधन आणि भाजीपाल्याचा वाटा. बचत गटाशी बोलताना हे आधीच उलगडून सांगा, नाहीतर "आमचे पैसे कोण खातंय?" असा संशय विनाकारण वाढतो.

हजेरी कधी वाढते, कधी घटते, याचा स्थानिक अंदाज घ्या. जून-जुलैत आळंदी-देहूहून पालख्या निघाल्या की मार्गावरच्या शाळांचे दिवस बदलतात. दौंड, इंदापूर, बारामती, शिरूर भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं शाळेत येऊन बसतात. "ती आपल्या पटावर नाहीत" म्हणून त्यांना पंगतीतून उठवू नका. त्यांची शाळेत रीतसर नोंद करून घ्या आणि जेवायला बसवा. या मुलांचं सकाळचं खाणं अनेकदा झालेलंच नसतं.

६. पाककृतींचं वेळापत्रक बसवा

रोज तीच पिवळी खिचडी दिली की पोरं कंटाळतात आणि भात वाया जातो. राज्याने जून २०२४ मध्ये पाककृतींची नवी यादी दिली. त्यात पुलावाचे प्रकार, मूगडाळ आणि चवळी खिचडी, मटकीची उसळ, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, नाचणीचं सत्व असे पदार्थ आले. जानेवारी २०२५ च्या सुधारणेनंतर अंडी आणि साखर यांचा खर्च लोकसहभागातून उभा करायचा आहे. कागदावरची यादी स्वयंपाकघरात बसवताना पुढच्या गोष्टी उपयोगी पडतात.

मोड आलेली उसळ सोमवारी ठेवू नका. कडधान्य शनिवारी भिजवलं तर सोमवारी आंबतं आणि रविवारी शाळेत कुणी नसतं. मंगळवारनंतरचा कोणताही दिवस चालेल. मुळशी-मावळच्या पावसाळ्यात मटकीला मोड यायला एक दिवस जास्त लागतो, तेव्हा भिजवणंही एक दिवस आधी. उन्हाळ्यात उलटं, फडक्यात बांधलेली मटकी दुपारपर्यंत चिकट होते.

पालेभाजी आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या, तोवरच ती ताजी असते. दुधी, भोपळा, गाजर, कोबी पुढचे दिवस धरतात. भोपळा मुलं खात नाहीत अशी तक्रार असते. तो किसून पुलावात घातला की संपतो.

शेवग्याचं एक झाड आणि कढीपत्त्याचं एक झाड शाळेच्या परसबागेत लावाच. पाणी भांडी धुतलेलं चालतं, फक्त साबणाचं नको. मेथी, पालक, कोथिंबीर वाफ्यात महिन्याभरात येते आणि भाजीपाल्याच्या तोकड्या पैशांना तेवढाच हातभार लागतो.

अंडी द्यायची झाली तर न खाणाऱ्या मुलांना त्याच दिवशी केळं हवं. नाव विचारून यादी वर्षाच्या सुरुवातीलाच करा, पंगतीत सगळ्यांसमोर विचारत बसू नका. श्रावणात उपवास धरणारी मुलं असतात, त्यांची चौकशीही आधीच.

७. पाणी आणि चव: यात सवलत नाही

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोटाचे जंतू आढळले, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. शाळेची टाकी कोणी आणि कधी धुतली, त्याची तारीख टाकीवरच रंगवून ठेवा. ग्रामपंचायतीकडून पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या. पिण्याचं पाणी निर्जंतुक केलेलं असावं. काकडी-टोमॅटोसारखी कच्ची खायची भाजी धुवायलाही तेच पाणी वापरा, ही जागा हमखास सुटते.

जेवण तयार झालं की शिक्षक आणि शक्यतो एक पालक यांनी आधी खायचं, मग मुलांना वाढायचं. चव म्हणजे चमचाभर जिभेला लावणं नव्हे. पातेल्याच्या तळातून आणि वरून, दोन्हीकडून घ्या. डाळ शिजली आहे का, खडा आहे का, तेलाला वास येतो का ते बघा, आणि वेळ टाकून चव नोंदवहीत लिहा. महिन्याभराच्या सह्या एकदम मारलेली चव वही भेटीला आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या पानावरच कळते.

रोजच्या जेवणाचा वाटीभर नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. कधी कोणाला त्रास झालाच, तर तपासायला काहीतरी हातात असतं.

८. पंगत

हात साबणाने धुणं, रांगेत बसणं, लहान मुलांना आधी वाढणं, एवढी शिस्त आठवड्यात लागते. मागेल त्याला दुसऱ्यांदा वाढा. पण पहिल्यांदाच डोंगर वाढू नका, त्याने अन्न वाया जातं.

पंगत एकच असली पाहिजे. कोणी कोणाशेजारी बसायचं, कोणाच्या हातचं खायचं, यावरून गावात कुजबुज सुरू झाली तर ती तिथेच थांबवा, स्वतः त्या पंगतीत बसून जेवा. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळच्या धनकवडीच्या छावणीत उपाशी मुलांना जेवू घालण्यासाठी धडपड केली. त्याच जिल्ह्यात आज आपण मुलांना वाढतो आहोत. स्वयंपाकीण अमुक जातीची म्हणून डबा घरून पाठवणारे पालक भेटले, तर त्यांच्या घरी जाऊन बोला. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा जावं लागतं.

९. महापालिकेची शाळा असेल तर

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बहुतेक शाळांत जेवण केंद्रीय स्वयंपाकघरातून डब्यांत येतं. तुमचं काम शिजवण्याचं नाही, पण स्वीकारण्याचं आहे, आणि तेही तितकंच जबाबदारीचं. डबे किती वाजता आले ते लिहा. झाकण उघडल्यावर वाफ आली पाहिजे. गरम अन्न वाढेपर्यंत ६५ अंशांच्या वर राहावं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. दांडीचा साधा तापमापक असला की वाद राहत नाही. हजेरीच्या मानाने वजन पुरेसं आहे का, वरणात डाळ आहे का, की नुसतं पिवळं पाणी, हे बघा. आंबूस वास आला तर डबा परत पाठवा आणि शेरा पुरवठादाराच्या चलनावर लिहा. फोनवरची तक्रार मागे उरत नाही.

१०. ऑनलाइन नोंद त्याच दिवशी

किती मुलं जेवली याची नोंद दुपारीच भरा. इंधन-भाजीपाल्याचं देयक त्या आकड्यांवर निघतं. चुकून जास्त आकडा भरला गेला तर गप्प बसू नका, दुरुस्तीसाठी लगेच लेखी कळवा. नेटवर्क नसलेल्या वाड्यावस्त्यांवर कागदावर लिहून संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर भरतात, तेही चालतं. हजेरीपट, साठा वही आणि ऑनलाइन नोंद या तिन्हींत एकच आकडा हवा.

११. जेवण शिजलंच नाही किंवा कुणाला बाधलं

धान्य संपलं, गॅस आला नाही, मावशी आल्या नाहीत, यातलं काहीही मुलाचा हक्क संपवत नाही. या योजनेच्या २०१५ च्या नियमांनुसार असं झालं तर मुलाला तेवढं धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्नसुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवा. निधी आला नसेल तर मुख्याध्यापक शाळेतला दुसरा उपलब्ध निधी तात्पुरता वापरू शकतात, हेही त्याच नियमांत आहे. बऱ्याच मुख्याध्यापकांना हे माहीत नसतं आणि ते खिशातून घालतात किंवा जेवण बंद ठेवतात.

जेवल्यावर एकाहून जास्त मुलांना उलट्या किंवा पोटदुखी झाली तर वाढणं थांबवा, १०८ ला फोन करा, मुलांना आरोग्य केंद्रात हलवा. मग पालक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. घाबरून पातेलं घासून टाकू नका. उरलेलं अन्न आणि नमुन्याचा डबा तसाच झाकून ठेवा, त्यावरच निदान होतं.

१२. सुट्टीआधीचा साठा

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी सगळा माल पुन्हा तोला. उघडलेली पाकिटं आधी वापरून संपवा. सुट्टीनंतर मुदत संपणारा माल उरत असेल तर केंद्रप्रमुखांच्या पत्राने जवळच्या शाळेला द्या आणि पोहोच घ्या. रिकामी बारदानं मोजून नोंदवा. गॅसचा रेग्युलेटर काढा, कोठीच्या खिडकीची जाळी तपासा आणि किल्ली कोणाकडे आहे ते समितीच्या वहीत लिहा.